हाय आर्चवाल्या (तळव्याची कमान जास्त उंच असलेल्या) पायासाठी व्यायाम कोणते? नेटवर सगळं फ्लॅट फूटचंच दिसून राहिलं

बर्डीवाली

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक आहे पण वाचा. वय ३९, शाळेत शिकवते, दिवसातले पाच-सहा तास उभीच असते आणि माझा वर्ग तिसऱ्या माळ्यावर. एका वर्षात उजवा पाय तीनदा मुरगळला, तिन्ही वेळा तळवा आतल्या बाजूला वळूनच. शेवटचा तर गोकुळपेठ मार्केटात, खड्डा नाही काही नाही, चपलेखाली एक गिट्टी आली आणि मी पिशवीसकट खाली, टमाटे रस्त्यावर. सूज उतरली पण घोट्याच्या बाहेरून आणि तिथून खाली करंगळीच्या बाजूच्या कडेला अजून दुखते, सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा पावलं टाच अशी ठणकते की भिंत धरून चालावं लागते, आणि चवड्याखाली दोन जागी घट्टे पडलेत, एक अंगठ्याखाली एक करंगळीखाली.

दवाखान्यात दाखवलं तर दोन मिनिटं पाय पाहून म्हणाले हाय आर्च आहे, व्यायाम करा, आणि एक झेरॉक्सचा कागद दिला. त्यात चित्रं इतकी काळी आली आहेत की माणूस बसला आहे का उभा आहे तेच कळत नाही. घरी येऊन ओला पाय फरशीवर ठेवून पाहिला, टाच उमटली, चवडा उमटला, मधे काहीच नाही, नुसता कडेला एक दोरा. लहानपणी आजी म्हणायची हिचा पाय कसा कोरीव आहे, तेव्हा भारी वाटायचं.

आता यूट्यूबवर पाहून राहिली तर सगळे सांगतात टॉवेल बोटांनी गोळा करा, गोट्या उचला, कमान वर उचलून धरा. माझी कमान आधीच वर आहे नं बाप्पा, अजून कुठं नेऊ? तर हेच करायचं का उलटं काही करायचं? व्यायामानी ही कमान खाली येते का? आणि चप्पल-बूट कसे घ्यायचे तेही सांगा, शाळा सुरू झाली आहे आणि मला रजा टाकणं शक्य नाही.

तर्री_पोहा

ताई मला पण पायाचाच त्रास होता, टॉवेल गोळा करणं आणि गोट्या उचलणं रोज १५ मिनिटं केलं, तीन महिन्यात एकदम फरक. सोबत ऑनलाइन कडक आर्च सपोर्टवाले सोल मागवले, मधे चांगला उंचवटा असलेले. बिनधास्त करा, व्यायामानी नुकसान थोडी होते.

अजनीचा_पोट्टा

भाऊ तुझा पाय सपाट होता का? कारण मी हेच करून फसलो आहे म्हणून विचारून राहिलो.

ताई, मी दोन वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी करून राहिलो. आमच्या ग्राउंडवर सगळ्या पोरांना एकच भीती, फ्लॅट फूट निघाला तर मेडिकलमध्ये बाद. माझ्या तळव्याला मोठा खळगा, तर पोरं म्हणायचे तुझं काय बे, तुझे पाय तर एक नंबर. मलाही वाटलं आपलं टेन्शन नाही. १६०० मीटरचा टाइम काढायसाठी रोज पहाटे डांबरी रोडवर पळायचो, बूट दोनशे-तीनशेवाले, सोल पापडासारखा. नडगी दुखायला लागली, मग करंगळीच्या बाजूचं हाड, तरी पळालो कारण कोणी सांगितलंच नाही की खळगा जास्त असणं हाही प्रॉब्लेम असू शकते. शेवटी एक्स-रे, हाडाला बारीक चीर, पाच आठवडे पळणं बंद आणि ती भरती गेली. मधल्या काळात मीही व्हिडिओ पाहून टॉवेल गोळा करत होतो, त्यानी बोटं अजूनच आखडली आणि पायात गोळे यायला लागले.

तुम्ही म्हणता कडेला दुखते, तिथं बोट दाबून पाहा. एकाच जागी जीव गेल्यासारखं दुखलं तर आधी एक्स-रे काढा मग व्यायाम. आता मी रेशीमबागच्या मैदानावर मातीत पळतो, रोडवर नाही.

फिजिओताई

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पण पाय हातात घेतल्याशिवाय इथून फक्त दिशा सांगता येते हे धरून वाचा.

पोट्टा बरोबर बोलला. तर्री पोहावाले भाऊ, तुमचा सल्ला वाईट नाही, पण तो दुसऱ्या पायाचा आहे. सपाट पाय ढिला असतो, त्याला आवळायचं असते. हाय आर्चचा पाय बहुतेक वेळा आधीच आवळलेला असतो. आपण पाऊल टाकतो तेव्हा चांगला पाय थोडा पसरतो, कमान जराशी दबते आणि धक्का तिथेच जिरतो. पायात २६ हाडं असतात ती याच लवचिकतेसाठी. खळगा खोल असला की पाय पसरतच नाही, सगळा भार टाच आणि चवडा या दोन जागी, म्हणून ताईंचे घट्टे नेमके तिथे आहेत. वर टाच आतल्या बाजूला झुकलेली, म्हणजे तुम्ही कायम तळव्याच्या बाहेरच्या कडेवर उभ्या आहात, मग एक गिट्टी पुरे होते.

व्यायामाआधी दोन गोष्टी. एक, करंगळीच्या बाजूला पायाच्या मध्यावर हाडाचा एक उंचवटा लागतो, त्यावर किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबून दुखत असेल, किंवा मुरगळल्यानंतर चार पावलंही टाकता आली नसतील, तर एक्स-रे काढाच. दोन, हे सांगा: खळगा दोन्ही पायांना आहे का एकालाच? लहानपणापासून तसाच आहे का वाढत चालला? मुंग्या येतात का, तळवा बधिर आहे का? चालताना बोटं अडखळतात का, चप्पल पायातून निसटते का? घरात आणखी कोणाचे पाय असे आहेत? एकाच पायाला असेल किंवा वाढत असेल तर पायाकडे नाही, आधी नसांकडे आणि मणक्याकडे पाहावं लागते, ते काम न्यूरोलॉजिस्टचं. बधिरपणा असेल तर आपल्याकडे विदर्भात डॉक्टर शुगर पाहतात आणि कुष्ठरोगही तपासतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही, गोळ्यांनी बरा होतो, उशीर नको एवढंच.

कमान खाली येते का, तर नाही. हाडांची ठेवण व्यायामानी बदलत नाही आणि कोणी महिनाभरात खाली आणून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. पण दुखणं कमी होते, मुरगळणं कमी होते.

आता करायचं काय. पहिले पोटरी, कारण ती आखडलेली असली की टाच जमिनीला नीट टेकत नाही आणि चवड्यावर अजून भार येतो. भिंतीला हात लावून एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, पंजा सरळ पुढे (सगळे बाहेर फिरवतात आणि मग म्हणतात ताण येत नाही), ३० सेकंद, तीनदा. मग तसंच मागचा गुडघा किंचित वाकवून, कारण पोटरीत दोन थर असतात आणि आतला थर गुडघा वाकवल्यावरच ताणतो. हे दिवसातून दोनदा, शाळेत मधल्या सुट्टीतही होते, कोणाला कळत पण नाही.

तळव्यासाठी सकाळी पलंगावरून उतरायच्या आधीच, हे महत्त्वाचं आहे, पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हातानी बोटं नडगीकडे ओढा, तळव्यात दोरीसारखी शीर ताठ झालेली अंगठ्याला लागली पाहिजे. १० सेकंद धरायचं, असं १० वेळा. मग खाली उतरा. संध्याकाळी खुर्चीत बसून टेनिस बॉल नाहीतर लाटणं तळव्याखाली दोन मिनिटं फिरवा, टाचेच्या हाडावर जोर देऊ नका. लाटणं वेगळं ठेवा बरं. बर्फाची बाटली फिरवली तरी चालते, पण तळवा बधिर असलेल्यांनी आणि शुगरवाल्यांनी नाही, त्यांना चटका बसलेला कळत नाही.

बोटं वरून वाकडी, पक्ष्याच्या नखांसारखी आखडत असतील तर टॉवेल गोळा करणं सोडून द्या, त्यानी बोटं वाकवणाऱ्या स्नायूंचाच व्यायाम होतो. उलट हाताची बोटं पायाच्या बोटांत घाला आणि पसरवा, आणि बसल्या बसल्या बोटं सरळ ठेवून जमिनीवर दाबायची, वाकवायची नाहीत. सुरुवातीला अजिबात जमत नाही, डोक्यातून हुकूम जातच नाही असं वाटते, हातानी धरून शिकवावं लागते त्यांना.

आणि मुख्य काम बाहेरच्या स्नायूंचं. नडगीच्या बाहेरून जे स्नायू घोट्याच्या मागून पायात जातात ते पाय आत वळू देत नाहीत, आणि पुन्हा पुन्हा मुरगळणाऱ्यांचे तेच मंद झालेले असतात. पहिला आठवडा नुसतं बसून पायाची बाहेरची कड टेबलाच्या पायाला लावून बाहेर ढकला, ५ सेकंद, १० वेळा, हलायचं काही नाही. दुखलं नाही तर थेराबँड, म्हणजे व्यायामाची रबरी पट्टी, रंगावरून ताण ठरतो, पिवळ्यापासून सुरू करा मग लाल मग हिरवा, नसला तर सायकलची जुनी ट्यूब चालते. गुडघा स्थिर, फक्त पाऊल बाहेर, आणि परत येताना हळू, कारण मुरगळताना या स्नायूंना तेच काम करायचं असते, वळणाऱ्या पायाला लगाम घालायचं. १२-१५ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड.

टाचा उचलायचा व्यायाम पण करा, पण वर जाताना वजन करंगळीकडे घसरू देऊ नका, अंगठ्याखालच्या उंचवट्यावर ठेवा. मग तोल: ओट्याजवळ एका पायावर उभं राहायचं, टाच, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ तिन्ही टेकलेले, ३० सेकंद. जमलं की घडी केलेल्या गोधडीवर, मग सपाट जमिनीवर डोळे मिटून, पण हात ओट्यापासून लांब नको.

व्यायाम करताना थोडं ओढलं-दुखलं चालते, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलं किंवा सूज आली तर जास्त झालं, अर्धं करा. सहा ते आठ आठवडे द्या.

बर्डीवाली

फिजिओताई काय सांगू, त्या झेरॉक्सपेक्षा हजारपट समजलं. दोन्ही पायांना आहे, उजव्याला थोडा जास्त, आठवते तेव्हापासून असाच आहे. मुंग्या नाहीत. माझ्या भावाचे आणि बाबांचे पाय पण असेच, बाबा ७० चे आहेत आणि रोज फुटाळा तलावावर फिरायला जातात, काही त्रास नाही. हाडाचा उंचवटा दाबला तर दुखते, म्हणून उद्याच एक्स-रे काढते. चप्पल राहिली सांगायची.

मानेवाड्याहून

घरात आणखी कोणाचे पाय असे आहेत का, या प्रश्नावर थांबलो म्हणून लिहून राहिलो. घाबरवायचं नाही ताई, तुमचे बाबा ७० व्या वर्षी फुटाळ्यावर फिरतात म्हणजे तुमचं वेगळं आहे असंच वाटते. पण वाचणाऱ्यात कोणी दुसरं असेल.

आमच्या घरी बाबांचे पाय असेच, गुडघ्याखाली बारीक होत गेलेले, आम्ही बगळ्याचे पाय म्हणायचो, त्यांच्यासमोरच, तेही हसायचे. चालताना गुडघा उंच उचलून पाऊल आपटायचे, लांबून आवाजावरून कळायचं बाबा आले. स्लिपर पायात राहायची नाही. मला विशीत तेच सुरू झालं, आधी खळगा, मग बोटं वाकडी, मग शर्टाची बटनं लावायला वेळ. दहा वर्षं मी चपला बदलत राहिलो आणि तेल चोळत राहिलो. शेवटी नसांची तपासणी झाली, एनसीव्ही म्हणतात, करंटचे बारीक झटके देऊन नस किती वेगानी संदेश नेते ते मोजतात, तेव्हा नाव मिळालं: शार्को-मारी-टूथ. त्यातल्या टूथचा दाताशी काही संबंध नाही, १८८६ मध्ये तीन डॉक्टरांनी हा आजार लिहून ठेवला, दोन फ्रेंच एक इंग्रज, त्या इंग्रजाचं आडनाव टूथ. घराण्यात उतरतो, साधारण अडीच हजारात एकाला असतो असं धरतात, म्हणजे फार दुर्मिळ नाहीच. त्यात पाऊल वर आणि बाहेर खेचणारे स्नायू आधी सुकतात, आत आणि खाली ओढणारे टिकून राहतात, त्या ओढाताणीत कमान उंच होत जाते.

औषधानी बरा होणारा नाही. पण पोटरी रोज ताणतो, हलका बँड, तोलाचे व्यायाम, आणि पाऊल लटकू नये म्हणून बुटात प्लास्टिकचा स्प्लिंट. आमच्या फिजिओची एकच अट, थकून पडेपर्यंत करायचं नाही, आमच्या स्नायूंना ते झेपत नाही. पोराचे पाय दर वर्षी पाहतो, ओल्या पायाचे ठसे वहीत घेऊन ठेवतो तारीख टाकून.

महालचे_काका

चपलेचं मी सांगतो, आमची पन्नास वर्षं त्यातच गेली. मला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला, डाव्या पायाचा खळगा असा की खालून उंदीर जाईल. चप्पल नेहमी बाहेरच्या कडेनी झिजायची, सहा महिन्यात तिरकी. मग एका चपलेवाल्यानी स्वतःच्या डोक्यानी बाहेरच्या कडेखाली रबराची पट्टी ठोकून दिली, तीनेक मिलिमीटर, टाचेपासून करंगळीपर्यंत, आणि सोल कडेला थोडा रुंद केला. चाळीस रुपयात जे झालं ते मोठ्या दुकानातल्या महागड्या बुटांनी झालं नाही. घरात फरशीवर अनवाणी चालू नका, एमसीआरची, म्हणजे मऊ स्पंजी रबराची चप्पल घाला. आणि बूट विकत घ्यायचे तं संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो, सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावते.

तीळ तेल कोमट करून पायाला लावत जा. त्यानी हाड हलत नाही माहीत आहे, पण झोप येते.

फिजिओताई

काकांच्या चपलेवाल्याला दंडवत! टाच लवचिक असेल तर बाहेरून उंच करणं हे अगदी योग्य आहे. टाच लवचिक आहे का हे आम्ही एका इंचाच्या लाकडी ठोकळ्यावर पाहतो, टाच आणि बाहेरची कड ठोकळ्यावर, अंगठ्याची बाजू खाली सोडलेली. मागून पाहताना टाच सरळ झाली तर दोष पुढच्या भागात आहे आणि सोलनी मदत होईल. कोलमन ब्लॉक टेस्ट म्हणतात, १९७७ पासून चालत आलेली. टाच हललीच नाही तर पट्टीनी ढकलण्यापेक्षा मऊ गादी बरी.

दुकानात जाऊन उंच आर्च सपोर्ट घेऊ नका ताई. मधे कडक उंचवटा असलेला सोल पायाला आणखी बाहेर लोटतो, आणि तुमचा पाय तिकडेच पडून राहिला आहे. स्टॅबिलिटी किंवा मोशन कंट्रोल लिहिलेले रनिंग शूजही त्याच कारणानी नको, ते सपाट पायवाल्यांचे. न्यूट्रल, म्हणजे पायाला कुठल्याच बाजूला न ढकलणारे बूट घ्या, भरपूर कुशन, टाच किंचित उंच, बोटांना वर जागा. पायाचा वरचा भाग उंच असल्यानी लेस तिथे रुतते, तर मधली दोन भोकं सोडून बांधा. परवडत असेल तर मापाचा सोल करून घ्या, ज्यात खळगा भरलेला असतो म्हणजे भार पूर्ण तळव्यावर वाटला जातो, आणि अंगठ्याच्या मुळाखाली थोडा खड्डा. ऑस्ट्रेलियात हाय आर्चच्या दुखणाऱ्या १५४ जणांवर याची चाचणी झाली होती, २००६ मध्ये निकाल छापून आला, अर्ध्यांना मापाचे सोल, अर्ध्यांना नुसते दिसायला तसे. तीन महिन्यांनी मापाच्या सोलवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं.

तर्री_पोहा

हो भाऊ, माझा सपाटच होता, आता लक्षात आलं. सल्ला मागे घेतो. ते सोल माझ्याकडे पडून आहेत, कोणा फ्लॅट फूटवाल्याला पाहिजे असतील तर फुकट घेऊन जा.

अजनीचा_पोट्टा

फिजिओताई एक सांगा, मला तोलाचा व्यायाम डोळे मिटून चार सेकंदाच्या वर जमत नाही, हे नॉर्मल आहे का? आणि पळणं किती वाढवू, भरती निघायची आहे.

फिजिओताई

डोळे मिटून सगळ्यांनाच कठीण जाते, पण डोळे उघडे ठेवून ३० सेकंद येत असतील तरच तिकडे जा. पळण्याचं, चीर भरलेल्या हाडाचं आहे म्हणून ज्या डॉक्टरनी पाहिलं त्यांना विचारून. एक दिवस पळणं, एक दिवस नाही, आणि टाइमच्या मागे इतक्यात लागू नको. हाड दाबून दुखायला लागलं की त्याच दिवशी थांब बाबा, मागच्या वेळसारखं करू नको.

बर्डीवाली

अपडेट द्यायला आली. एक्स-रे साफ निघाला, नुसती लिगामेंटची दुखापत. सात आठवडे झाले, मधे चार दिवस ताप आला तेव्हा सुटलं, बाकी रोज करून राहिली. सकाळचं टाच ठणकणं दहा पावलांवरून दोन-तीनवर आलं. उजव्या पायावर ४० सेकंद उभी राहते, डोळे मिटून मात्र सहा. घट्टे आहेत तसेच आहेत, कमी झाले म्हणून खोटं कशाला सांगू. बँड लालवर आला. लेस फिजिओताईंनी सांगितलं तशी बांधते, शाळेत पोरं विचारतात मॅडम तुमची लेस चुकली. लाटणं सासूबाईंनी ओळखलं, नवीन आणून द्यावं लागलं.

आणि परवा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक पाहायला महाल भागात गेली होती, त्या गर्दीत तीन तास उभी, धक्के खात, पाय एकदाही मुरगळला नाही. चपलेचा अंगठा तेवढा तुटला, बर्डीपर्यंत फरपटत आली.

महालचे_काका

अगं मग निरोप टाकायचा नं, तो चपलेवाला आमच्याच गल्लीच्या तोंडाशी बसते. त्या दिवशीही बसला होता.